‘पोलिओ नाही’ याच्या पुढे

१९१६ साली, पहिल्या महायुद्धाची धुमश्चक्री चालू असताना, जॉर्ज गिलेन, जाँ-अलेक्झांडर बारे आणि आंद्रे स्त्रोल या तीन फ्रेंच वैद्यांनी दोन सैनिकांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांच्याही हातापायांतले बळ ओसरले होते, त्यांना मुंग्या येत होत्या, हातोडीच्या ठोक्याने स्नायू उडायचे थांबले होते. आणि पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात प्रथिने वाढलेली असूनही, जंतुसंसर्गात ज्या पेशी वाढतात त्या मात्र वाढलेल्या नव्हत्या. पायांकडून वर चढत जाणारा असा पक्षाघात लांद्री याने १८५९ मध्येच वर्णिला होता. परंतु पाण्यातील या विसंगतीमुळे त्या रोगाला स्वतंत्र ओळख मिळाली आणि स्त्रोलला मागे टाकून गिलेन-बारे हे जोडनाव रूढ झाले. आज आपली वृत्तपत्रे ज्याला जीबीएस म्हणतात तो हाच. या मूळ हकीकतीतील एका गोष्टीकडे सहसा लक्ष दिले जात नाही, ती अशी की, ज्या देहांवरून हा रोग प्रथम रेखाटला गेला ते देह प्रौढ पुरुषांचे होते, आपणांस काय होते आहे ते सांगण्याइतकी भाषा त्यांना होती, आणि तपासणाऱ्याने पाय उचल म्हटले असता निदान उचलून पाहण्याइतकी शिस्तही होती.

तीन वर्षांच्या मुलाकडे यांपैकी काहीच नसते. ते चालायचे नाकारते, उचलून घे म्हणून हात पसरते, रात्री पाय धरून रडते, उकिडवे बसले की कशाचा तरी आधार घेतल्यावाचून उठत नाही. आणि अशक्तपणाच्याही आधी त्याची जी तक्रार असते ती वेदनेची असते. पाठीत दुखते, मांड्या दुखतात, पायाला हात लावू देत नाही, एवढ्यावर मजकूर संपतो. मग वाढीच्या वयातले दुखणे, कॅल्शियमची कमतरता, खेळताना खुब्याला बसलेला हिसका, तापानंतरची अंगदुखी अशी एकेक नावे त्या दुखण्याला दिली जातात, आणि मूल शाळेत जाणारे असेल तर ‘नाटक करतोय’ हे सर्वांत स्वस्त निदान घरच्या घरीच होऊन जाते. यांतले प्रत्येक अनुमान शंभरांपैकी नव्व्याण्णव वेळा खरे ठरेल असेच असते, म्हणून त्या डॉक्टरास किंवा त्या आईबापांस अज्ञानी म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. प्रश्न उरलेल्या एका मुलाचा आहे. माझे म्हणणे असे की, त्या एका मुलाची ओळख पटणे हे कोणा एका धन्वंतरीच्या प्रतिभेवर किंवा महागड्या यंत्रावर फारच थोडे अवलंबून असते. ते अवलंबून असते आपण एखाद्या मुलाची चौकशी कोठे थांबवितो यावर. आणि आपल्या देशाने, पोलिओच्या निमित्ताने, लुळ्या पडलेल्या प्रत्येक मुलाची चौकशी करणारी जी विलक्षण यंत्रणा उभारली, ती नेमकी चुकीच्या जागी थांबते.

हा रोग होतो कसा, हे पाहिल्याखेरीज त्याची रूपे इतकी निरनिराळी का, हे कळणार नाही. पुष्कळदा सुरुवात जुलाबाने किंवा सर्दीखोकल्याने होते. दूषित पाण्यातून अथवा अर्धवट शिजलेल्या मांसातून पोटात जाणारा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू त्यांपैकी सर्वांत कुख्यात. या जंतूच्या बाह्य आवरणातील शर्करायुक्त रेणू आणि आपल्या मज्जातंतूंच्या पृष्ठभागावरील गँग्लिओसाइड नावाचे रेणू यांत विलक्षण साम्य आहे, हे जपानमधील नोबुहिरो युकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात दाखवून दिले. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, जंतू हळूहळू निघून जातो, आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या निरपराध मज्जातंतूवर ती प्रतिपिंडे तुटून पडतात; चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार. आता कोणत्या जातीच्या गँग्लिओसाइडशी साम्य आहे यावर हल्ला कोठे होईल हे ठरते. जीएम१ वर हल्ला झाला तर हातापायांच्या चालक तंतूंचा गाभाच जायबंदी होतो. जीक्यू१बी वर झाला तर डोळे फिरविणारे तंतू प्रथम बळी पडतात. मूळ कारण एकाच कुळातले असूनही एक मूल लुळे पडते, दुसरे झोकांड्या खाते आणि तिसऱ्याला घोट गिळता येत नाही, याचे रहस्य येथे आहे.

दुर्मिळ रूपे ओळखण्यातली खरी अडचणही येथेच सुरू होते. १९५६ साली मिलर फिशर यांनी तीन रुग्णांचे वर्णन केले, त्यांचे हातपाय लुळे पडलेच नव्हते. डोळ्यांची हालचाल थांबली होती, तोल गेला होता आणि प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशा झाल्या होत्या. असे मूल पाहून लहान मेंदूतील गाठीची शंका येते, किंवा घरातले एखादे औषध त्याने चुकून खाल्ले असावे असे वाटते. १९८६ मध्ये रॉपर यांनी वर्णिलेल्या प्रकारात घसा, मान आणि दंड यांवर आघात होतो, पाय शाबूत राहतात. पाय चालत असलेल्या मुलाला पक्षाघात झाला आहे हे मान्य करायला कोणाचेही मन एकाएकी धजत नाही. आपल्याकडे तर अशा वेळी मण्यारीचा दंश, घटसर्प आणि अन्नविषबाधा ही तीन अनुमाने आधी पडताळावी लागतात, आणि ते योग्यच आहे. जमिनीवर अंथरूण टाकून निजणाऱ्या मुलाला मण्यार चावली तर दंशाची खूण बहुधा दिसतही नाही, सकाळी पापण्या मिटलेल्या आणि गिळणे थांबलेले एवढेच दिसते. बिकरस्टाफ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात मुलाला गुंगी येते, आणि प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशा होण्याऐवजी कधी कधी वाढलेल्याच आढळतात. काही मुलांत तर स्वायत्त मज्जासंस्थेलाच धक्का बसतो. पोटदुखी, लघवी अडणे, नाडी व रक्तदाब यांची चढउतार एवढीच लक्षणे असल्याने ते मूल आधी शल्यचिकित्सकाच्या दारात जाते. पाठ्यपुस्तकाने शिकविलेले ठसठशीत चित्र मनात धरून बसलेल्या वैद्याला या प्रत्येक ठिकाणी ते चित्रच आड येते.

शिवाय प्रारंभीच्या दिवसांत चाचण्याही साथ देत नाहीत. ज्या पाण्याने १९१६ मध्ये या रोगाला ओळख दिली, त्या पाण्यातली प्रथिने पहिल्या आठवड्यात पुष्कळ रुग्णांत वाढलेली नसतात. मज्जातंतूंतून विद्युत्प्रवाह किती वेगाने वाहतो हे मोजणारी चाचणीही आरंभी निर्दोष येऊ शकते. अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून ज्याला घरी पाठविले जाते, त्या मुलाच्या बाबतीत कागदाने खरे सांगितलेले असते आणि तरीही निष्कर्ष खोटा ठरतो. येथे उपयोगी पडते ती एका छोट्या रबरी हातोडीने, एकदा नव्हे तर दोन दिवसांनी पुन्हा, आणि पुन्हा दोन दिवसांनी केलेली तपासणी. मूल टाचांवर चालते का, जमिनीवरून हात न टेकता उठते का, एका श्वासात किती आकडे मोठ्याने मोजते, त्याच्या रडण्याचा आवाज कालच्यापेक्षा बारीक झाला आहे का, याची नोंद. बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा प्राणवायूचा आकडा श्वासाचे स्नायू थकत आले तरी बराच वेळ समाधानकारक दिसतो, आणि घसरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. दर चार-पाच रुग्णांमागे एकास कृत्रिम श्वसनाची गरज पडणाऱ्या या रोगात आकड्यांच्या आधी निरीक्षण धावून यावे लागते.

परंतु निरीक्षणाची अशी सवय अनुभवाने लागते, आणि अनुभव तर येथे गणितानेच नाकारलेला आहे. मुलांत हा रोग वर्षाकाठी लाखात एकाच्या आसपास आढळतो. सुमारे तीन कोटी मुलांच्या महाराष्ट्रासारख्या राज्यात याचा अर्थ वर्षाला तीनशेच्या घरातील मुले असा होतो, म्हणजे राज्याच्या दृष्टीने ही बाब मुळीच नगण्य नाही. पण तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टराच्या उभ्या कारकिर्दीत असे मूल एकदा येईल, दोनदा येईल, कदाचित येणारही नाही. आणि मिलर फिशरचे किंवा घशापासून सुरू होणारे रूप तर बहुधा नाहीच. एका व्यक्तीच्या वाट्याला जे अनुभवाने येऊ शकत नाही ते स्मरणात ठेवण्याचे काम संस्थेचे असते. दफ्तर, नोंदवही, फेरतपासणी, रुजुवात ही नीरस वाटणारी साधने खरे पाहता समाजाची स्मरणशक्तीच होत, आणि दुर्मिळ रोगांच्या प्रांतात तिच्यावाचून व्यक्तीची बुद्धी पांगळी ठरते.

याचा सर्वांत बोलका दाखला चीनने दिला आहे. उत्तर चीनमधील हबेई प्रांताच्या खेड्यापाड्यांतून दर उन्हाळ्यात मुले लुळी पडत, आणि आसपासच्या परिस्थितीत पोलिओ किंवा नेहमीचा जीबीएस असे म्हणून ती बाब सहज मिटविता आली असती. तेथील वैद्यांनी ती मिटविली नाही. या मुलांच्या संवेदना शाबूत आहेत, मज्जातंतूंवरील आवरणाऐवजी आतला गाभाच दुखावलेला आहे, काहींच्या प्रतिक्षिप्त क्रिया तर टिकूनही आहेत, अशा न जुळणाऱ्या खुणा त्यांनी टिपल्या. अमेरिकेतील मॅकखान, ग्रिफिन, अ‍ॅसबरी प्रभृती संशोधक त्यांना येऊन मिळाले, आणि १९९१ मध्ये या संयुक्त पथकाने जे प्रसिद्ध केले त्यातून चालक तंतूंच्या गाभ्याचा विकार हे जीबीएसचे वेगळे रूप जगाच्या ध्यानात आले. म्हणजे, एका रोगाचा नकार नोंदवून ते थांबले असते तर दुसऱ्या रोगाचे ज्ञान झालेच नसते.

आपल्याकडे हीच सामग्री याहून मोठ्या प्रमाणावर जमा होत आली आहे. १९९७ पासून पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाच्या अवयवात एकाएकी लुळेपणा आला की त्याची खबर शासनाला देण्याचा शिरस्ता सुरू झाला. निदान काहीही असो, चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि प्रयोगशाळेकडे रवाना करायचे. मुंबईच्या परळमधील एंटेरोव्हायरस संशोधन केंद्राने अशा नमुन्यांच्या तपासणीत मोलाचा वाटा उचलला. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावड्यात आढळलेला रुग्ण देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा ठरला, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. अंगावरून वारे गेले म्हणून देवऋषाकडे नेल्या जाणाऱ्या मुलापर्यंतही सरकारी माणूस पोहोचावा, ही या देशातील सार्वजनिक आरोग्याची अत्यंत अभिमानास्पद कामगिरी होय, आणि तिच्याविषयी उणे बोलण्याचा येथे हेतू नाही.

परंतु या यंत्रणेला विचारलेला प्रश्न एकच आहे: पोलिओचा विषाणू सापडला की नाही? उत्तर ‘नाही’ असे आले की मामला निकाली निघतो. पोलिओ नसलेले लुळे मूल ठराविक संख्येने सापडत राहणे हे या व्यवस्थेच्या जागरूकतेचे प्रमाण मानले जाते. लाख मुलांमागे अशी निदान एक-दोन मुले सापडली नाहीत तर पाहणी ढिली पडली असे समजतात. म्हणजे त्या मुलाने, आपल्या लुळेपणाने, यंत्रणा जागी असल्याची ग्वाही द्यावी, आणि त्याला स्वतःला काय झाले आहे हा प्रश्न मात्र त्याच्या आईबापांनी आणि उपचार करणाऱ्या डॉक्टराने आपापसांत सोडवावा, अशी ही वाटणी आहे. कागदावर ‘जीबीएस’ असे पुष्कळदा लिहिलेही जाते. पण ते कोणत्या रूपाचे, कोणत्या संसर्गानंतरचे, आणि मुळात जीबीएसच की दुसरे काही, हे विचारण्याचे प्रयोजन तेथे उरत नाही.

आणि ‘दुसरे काही’ असण्याला फार अर्थ आहे. जीबीएसमधील घसरण साधारणपणे चार आठवड्यांच्या आत थांबते. आठ आठवडे उलटले तरी बळ घटतच राहिले, किंवा सुधारून पुन्हा पुन्हा घसरले, तर तो बहुधा सीआयडीपी या नावाचा जुनाट विकार असतो. काही मुलांत तो जीबीएसचेच सोंग घेऊन एकाएकी अवतरतो, आणि काहींत इतक्या संथपणे येतो की आनुवंशिक दोष म्हणून त्याला जन्मभरासाठी बाजूला ठेवले जाते. या दोहोंतला फरक केवळ वर्गीकरणाचा असता तर तो पंडितांवर सोपविता आला असता. पण स्टेरॉइडचा जीबीएसमध्ये उपयोग होत नाही हे काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांनी सिद्ध झाले आहे, आणि सीआयडीपीच्या बहुसंख्य मुलांना तेच औषध पुन्हा चालते करते. तिसरीही एक जात अलीकडे वेगळी काढली गेली आहे: न्यूरोफॅसिन किंवा काँटॅक्टिन यांसारख्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे ज्यांत आढळतात त्या रुग्णांना, एरवी या रोगांत वरदान ठरणारे इम्युनोग्लोब्युलिन सहसा पुरेसे लागू पडत नाही, त्यांना रिट्युक्सिमॅबसारख्या औषधाकडे न्यावे लागते. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूत्रांनी त्यांना सीआयडीपीच्या यादीतून स्पष्टपणे बाहेर काढले. ज्या रोगावर नावाप्रमाणे औषध बदलते त्या रोगात अचूक नाव हा उपचाराचाच पहिला भाग ठरतो.

येथे एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. पोलिओ पाहणीच्या नियमांत, विशेषतः ज्यांचे नमुने वेळेत मिळाले नाहीत अशा मुलांसाठी, आजाराच्या प्रारंभापासून साठाव्या दिवसानंतर फेरतपासणी करून लुळेपणा उरला आहे काय, हे पाहण्याची तरतूद आहे. जीबीएस आणि सीआयडीपी यांना विभागणारी आठ आठवड्यांची सीमारेषा नेमकी त्याच सुमारास पडते. म्हणजे ज्या दिवशी सरकारी माणूस त्या मुलाच्या दारात उभा असतो किंवा उभा राहू शकतो, त्याच दिवशी त्याने विचारावयाचे प्रश्नही तयार आहेत: बळ परत येत आहे की अजून घटते आहे, मधल्या काळात सुधारून पुन्हा घसरले काय, हातोडीने पाय उडतो काय. आज तो माणूस हे पाहून परततो की मुलाला पोलिओ झाला होता की नाही. उद्या त्याच फेरीत तो मुलाला मज्जाविकारतज्ज्ञाकडे धाडू शकेल. नवे खाते उघडावयाचे नाही, नवा कर बसवावयाचा नाही. आहे त्या प्रपत्रावर तीन प्रश्न वाढवावयाचे, आणि ती फेरतपासणी निवडक मुलांऐवजी सर्वांना लागू करावयाची.

२०२५ च्या आरंभी पुण्यात जे घडले त्याने या युक्तिवादाची दुसरी बाजू उघड केली. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकिटवाडी, धायरी या परिसरात पाहता पाहता दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यांत मुलेही होती; काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला आणि बोट पिण्याच्या पाण्याकडे वळले. एकाच भागातून इतके रुग्ण थोड्या दिवसांत आले म्हणून रुग्णालयांतल्या डॉक्टरांचे डोळे उघडले आणि महापालिकेची चक्रे फिरली. परंतु तेच रुग्ण पन्नास गावांत विखुरलेले, वर्षभरात पसरलेले असते, तर पाणी तितकेच दूषित असूनही ते कोणाला जाणवले असते काय? घोळक्याला आवाज असतो, एकट्या मुलाला नसतो. लुळ्या मुलाची चौकशी पोलिओपाशी न थांबता पाण्यापर्यंत गेली असती, तर विखुरलेल्या रुग्णांतूनही तीच कैफियत वाचता आली असती. एका मुलाचे अचूक निदान हे त्याच्या गावच्या विहिरीविषयीची साक्षही असते.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, कुपोषण, क्षय आणि न्यूमोनिया ज्या राज्यात अद्याप मुलांना गिळतात तेथे लाखात एकाला होणाऱ्या रोगाची चिंता करणे ही चैन आहे. मनुष्यबळाचा विचार केला तर हा आक्षेप मला निरुत्तर करतो, आणि म्हणूनच मी नव्या मोहिमेची मागणी करीत नाही. जे काम आज होतेच आहे ते दोन पावले पुढे न्यावे, एवढेच मागतो. २०१३ मध्ये पालघरला प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांतून मुले तपासतात, पण चार दिवसांत लुळे पडणारे मूल त्या पथकाच्या पुढल्या फेरीची वाट पाहत बसत नाही; संथपणे घसरणारे मात्र त्यांच्याच हाती लागण्याजोगे आहे. दुसरा आक्षेप असा की, बहुतेक मुले पुढे आपोआप चालू लागतात. हे जीबीएसपुरते खरे आहे, आणि देवाची कृपा म्हणावी असे खरे आहे. पण जे दगावतात ते श्वास किंवा नाडी यांच्या अनाकलनीय लहरींमुळे, नजर चुकलेल्या काही तासांत दगावतात, आणि सीआयडीपीचे मूल तर आपोआप सुधारेल या भरवशावरच पांगळे होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. सर्वांचे कान टवकारले गेले की प्रत्येक दुखरा पाय संशयित ठरेल, भेदरलेले आईबाप मोठ्या शहराकडे धाव घेतील, पाठीतले पाणी विनाकारण काढले जाईल, आणि माणसांच्या रक्तद्रवापासून बनणारे, म्हणून दुर्लभ व महाग असलेले इम्युनोग्लोब्युलिन नको त्या मुलाला टोचले जाईल. पुण्याच्या साथीत भीतीचा हा अनुभव शहराने घेतलेलाच आहे. परंतु भीतीवरचा उतारा अज्ञान हा नव्हे. संशय आणि उपचार यांच्यामध्ये एक पायरी आहे, ती हातोडीची आणि दोन दिवसांनी परत बोलाविण्याची. आज ती पायरीच नसल्यामुळे काही मुले दुर्लक्षित राहतात आणि काही अकारण अतिदक्षता विभागात जाऊन पडतात. ज्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत, जो रोज थोडा अधिक चालतो, त्याला निःशंकपणे घरी ठेवण्याचे धैर्यही त्याच फेरतपासणीतून येते. सावधपणा आणि संयम हे येथे परस्परांचे शत्रू नाहीत.

तेव्हा तजवीज करावयाची ती अशी. मूल काल चालत होते आणि आज चालत नाही, हे आईचे विधान उलट सिद्ध होईपर्यंत खरे धरावे, आणि चालणारे मूलही मान, घसा व डोळे यांनी लुळे असू शकते हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवावे. निर्दोष अहवालाला तारखेची मर्यादा असावी, म्हणजे पहिल्या आठवड्यातील ‘नॉर्मल’ दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पारखला जावा. आणि पोलिओ पाहणीच्या दफ्तरात विषाणू न सापडलेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे, साठाव्या दिवसानंतर, त्याला नेमके काय झाले होते हे लिहिल्याखेरीज तो कागद दप्तरदाखल करण्यास मनाई असावी. निदान लागले नसेल तर तसेही स्पष्ट लिहावे, कारण निदान न लागलेल्या मुलांची मोजदाद झाल्यावाचून ते कोठे हुकते हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. पोलिओशी लढताना राज्यसंस्थेने लुळ्या पडलेल्या प्रत्येक मुलाचा हिशेब मागण्याचा अधिकार मिळविला. ज्या मुलाच्या दोन नमुन्यांनी देशाला पोलिओमुक्तीची खात्री दिली, त्याच्या आजाराचे नाव शोधून त्याच्या आईबापांच्या हाती देणे हे त्या अधिकाराबरोबर आलेले, आणि अद्याप फेडावयाचे राहिलेले, देणे आहे.